नवा मासा घरी आला म्हणजे
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी जेव्हा मला म्हटले, "पुढच्या सभेत तुम्ही तुमच्या माशांवर बोला," तेव्हा मला आधी हसू आले. या व्यासपीठावर डॉक्टरीणबाई मधुमेहावर बोलून गेल्या, मुख्याध्यापिकाबाई बोलून गेल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ मी उभी राहून काचेच्या पेटीतल्या माशांचे काय सांगणार? पण आता सुरुवातीला मी हात वर करायला सांगितले तेव्हा चौदा हात वर झाले. चौदा घरांत माशांची टाकी आहे. आणि नवे मासे आणल्यावर महिन्याच्या आत घरचे मासे कोणाकोणाचे मेले, असे विचारले, तर त्यातले अकरा हात वरच राहिले. त्या अकरा जणींत मी बारावी आहे. तेव्हा बोलायला हरकत नाही असे वाटते.

आपल्याकडे मासा मेला की एक वाक्य ठरलेले असते. "बरं झालं, घरावरची पीडा त्यानं अंगावर घेतली." मलाही शेजारच्या काकूंनी हेच म्हटले होते. त्या मनापासून म्हणाल्या, माझे सांत्वन व्हावे म्हणून म्हणाल्या. पण त्या दिवशी ते वाक्य मला फार लागले. कारण पीडा कुठून आली ते मला ठाऊक होते. ती साताऱ्याहून एस.टी.ने, माझ्या मांडीवर बसून आली होती.

झाले ते असे. माझ्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या पलंगावरच असत. खिडकीतून दिसायचे ते समोरच्या घराचे पत्रे. म्हणून आमच्या घरातल्यांनी तीन फूट लांबीची टाकी आणून त्यांच्या पायथ्याशी ठेवली. तीत शंभर लिटरच्या आसपास पाणी मावते. सहा गोल्डफिश होते. सासूबाईंना बोलताना जीभ जड होई, पण माशांशी त्या बोलत. प्रत्येकाला नाव होते. सगळ्यांत मोठी होती तिला त्या 'थोरली' म्हणत. थोरली सहा वर्षांची होती. कोणी तिची स्तुती केली की सासूबाई माझ्याकडे बोट करीत, म्हणजे हिने वाढवली. मला जन्मात इतकी मोठी शाबासकी दुसरी मिळाली नाही.

2022 च्या डिसेंबरात भाचीच्या लग्नाला मी माहेरी साताऱ्याला गेले होते. निघताना दादाने विचारले, "तुझ्या सासूबाईंना काय देऊ?" मीच म्हटले, मासे दे. त्याने चार सुंदर शुभ्र गोल्डफिश घेऊन दिले. पिशवी रुमालात गुंडाळून कराड, इस्लामपूर करीत सांगलीला आले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. अंग मोडून गेले होते. थंडीही होती. सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी पिशवीकडे पाहिले आणि चेहरा उजळला. मी पिशवीचा रबर काढला आणि पाण्यासकट मासे टाकीत ओतले.

एवढीच चूक. दोन मिनिटांची.

सहाव्या दिवशी एका पांढऱ्या माशाच्या शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे दिसले. पांढऱ्या अंगावर पांढरे ठिपके, ते मला आधी दिसलेच नव्हते. सातव्या दिवशी थोरलीच्या कल्ल्यावर दोन ठिपके आले. तिच्या केशरी अंगावर ते स्पष्ट दिसले. मासे दगडाला अंग घाशीत होते. मी दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली. बाटलीवर सगळे इंग्रजी. मी सातवी झालेली, मला थेंबाचा आकडा तेवढा कळला. दहाव्या दिवशी ठिपके नाहीसे झाले. सासूबाईंनी टाळी वाजवण्यासारखा एक हात गादीवर आपटला. मी औषध बंद केले आणि बाटली फडताळात ठेवून दिली.

तेराव्या दिवशी सकाळी पडदा सरकवला तर दहाच्या दहा मासे रव्यात घोळल्यासारखे झाले होते.

त्याच आठवड्यात माझा पुतण्या आला. हा रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालयात शिकला. 1981 साली निघालेले ते कॉलेज आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. त्याने आपले सूक्ष्मदर्शक यंत्र बरोबर आणले होते. नुकत्याच गेलेल्या एका माशाच्या अंगावरचा चिकटा त्याने काचेच्या पट्टीवर घेतला आणि मला म्हणाला, "काकू, डोळा लाव." मी पाहिले. एक गोल गोळा सावकाश गरगर फिरत होता, अंगाला चहूकडून बारीक केस, आणि पोटात घोड्याच्या नालासारखे काहीतरी वाकडे. "हाच तो," तो म्हणाला. या किड्याचे शास्त्रीय नाव इतके लांब आहे की ते मी येथे घेत नाही. मासेवाले त्याला 'इक' म्हणतात. 1876 साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला ते लांब नाव दिले, म्हणजे हा आजार काही कालचा नाही.

मग त्याने मला जे समजावले ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. आपल्या मुलींच्या डोक्यात उवा होतात. औषध लावले की उवा मरतात, लिखा मरत नाहीत. म्हणून आठ दिवसांनी पुन्हा लावावे लागते आणि फणी फिरवावी लागते. जी आई पहिल्या दिवशी डोके स्वच्छ दिसले म्हणून थांबली, तिच्या घरी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माशांच्या या ठिपक्यांचेही असेच आहे, फक्त थोडे उलट. जो ठिपका आपल्याला दिसतो तो किडा माशाच्या कातडीच्या आत शिरून बसलेला असतो. वर कातडीचे पांघरूण. त्याला औषध लागतच नाही. पोट भरले की तो माशाला सोडून तळाशी पडतो, गोट्यांत, झाडाच्या पानावर, कुठेही चिकटतो आणि स्वतःभोवती पिशवी करतो. त्या पिशवीतही औषध शिरत नाही. आत त्याचे तुकडे होत होत शेकडो पिल्ले होतात, कधी हजाराच्या घरात. पिशवी फुटून ती पोहत बाहेर पडतात आणि मासा शोधू लागतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध, मीठ, जे काय चालायचे ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालते.

आता माझा दहावा दिवस आठवा. ठिपके गेले म्हणून मी आनंदाने औषध थांबवले. ठिपके गेले नव्हते, ते तळाशी पडून वाढत होते. ज्या घडीला औषध पाण्यात असणे सर्वांत जरूर होते, नेमक्या त्याच घडीला मी बाटली फडताळात ठेवली.

दहांतले आठ मासे गेले. थोरली सतराव्या दिवशी गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी खूण करून पलंग फिरवायला सांगितला. तोंड भिंतीकडे.

असो. आता उपयोगाचे सांगते.

हे ठिपके दिसले तर पहिली गोष्ट, घाबरून तीन बाटल्या एकदम ओतू नका. गोल्डफिशच्या टाकीत साधे खडे मीठ पुष्कळ काम करते. शंभर लिटर पाण्याला पाव किलो, पण एकदम नाही. त्याचे तीन भाग करावेत, वेगळ्या भांड्यात विरघळवून दीड-दोन दिवसांत थोडे थोडे घालावे. टाकीतली झाडे आधी काढावीत, ती मिठाने जळतात. ज्या माशांना खवले नसतात त्यांना मीठ सोसत नाही, त्यांचे विचारून करावे. पाणी बदलले तर जितके काढले तितक्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालायचे, सगळ्या टाकीचे नव्हे. येथे फार जणी चुकतात. आणि ठिपके दिसेनासे झाल्यावर आणखी निदान आठवडाभर हे चालू ठेवायचे. थंडीत आणखी जास्त, कारण गार पाण्यात किड्याचा फेरा लांबतो. उन्हाळ्यात आठवड्यात होणारी गोष्ट थंडीत दोन-तीन आठवडे रेंगाळते. म्हणून काही जण हीटर लावून पाणी कोमट करतात, म्हणजे किडा लवकर बाहेर येतो आणि लवकर सापडतो. तेही एकेक अंशाने करावे. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा, त्याला 28 अंशांच्या वर नेऊ नये. कोमट पाण्यात हवा कमी राहते, तेव्हा हवेचा पंप रात्रंदिवस चालू पाहिजे. आपल्याकडे वीज जाते त्या वेळी काय करायचे? मी तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा त्यातच सोडते. हात दुखतो, पण मासे तगतात.

निळे औषध वाईट नाही. पण फिल्टरमध्ये जे उपयोगी जंतू असतात तेही त्याने मरू शकतात, म्हणून ते वेगळ्या टबात वापरलेले बरे. हिरव्या औषधाबद्दल मात्र सांगते. मॅलकाइट ग्रीन नावाचे ते रसायन खाण्याच्या माशांना घालायला बंदी आहे, इतके ते माणसाला घातक समजतात. घरात लहान मुले असताना अशी बाटली फडताळात नको, आणि वापरायचीच झाली तर हातमोजे घालून.

पण भगिनींनो, हे सगळे उपाय आग लागल्यावरचे. माझे खरे सांगणे त्याच्या आधीचे आहे. नवा मासा जुन्या माशांत सोडण्यापूर्वी तीन ते चार आठवडे वेगळा ठेवायचा. 2020 साली विलगीकरण हा शब्द आपण सगळ्या शिकलो. त्या वेळी मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच माणसांना शाळेत नाहीतर मळ्यात चौदा दिवस वेगळे ठेवले, तेव्हा मनाला किती जड गेले होते! माझ्या आजीची आजी प्लेगच्या साली गाव सोडून रानात झोपडीत राहिली होती, हे आजी सांगायची. माणसांना हे नियम लावणारे आपण, माशाला मात्र दुकानातून आणतो आणि थेट सगळ्यांच्या ताटात बसवतो.

दुकानदाराचा यात दोष असतोच असे नाही. मासे कलकत्त्याहून, मद्रासकडून, मुंबईतल्या कुर्ल्याच्या बाजारातून पिशव्यांत बंद होऊन येतात. मद्रासेजवळ कोळत्तूर म्हणून भाग आहे, तेथे घरोघरी शोभेच्या माशांची पैदास होते. तेथून निघालेला मासा दोन-तीन व्यापाऱ्यांच्या टाक्यांतून फिरत आपल्या गावी पोचतो. प्रत्येक टाकीत दुसऱ्या गावचे मासे. उपाशी, दमलेला, त्यात पाणी बदललेले. अशा वेळी अंगात दबलेला आजार वर येतो. आपणही लांबच्या लग्नाहून आलो की सर्दी होतेच की. म्हणून ज्या दिवशी दुकानात नवा माल आला त्याच दिवशी घ्यायला धावू नये. दुकानदाराला विचारावे, हे कधी आले? आठ दिवसांनी जाऊन तेच मासे पाहावेत. दहा मिनिटे नुसते उभे राहावे. पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसणारा, दगडाला अंग घासणारा, वर येऊन भराभर तोंड उघडणारा मासा ज्या टाकीत आहे, त्या टाकीतला दुसरा चांगला दिसणारा मासाही घेऊ नये. साडी घेताना आपण दुकानदाराला चाळीस घड्या मोडायला लावतो, येथे दहा मिनिटे उभे राहायला कसली लाज?

वेगळे ठेवायला काचेची पेटी लागत नाही. मी वीस-पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा नवा टब घेतला आहे. साबणाला कधी न लागलेला. त्यात तळाला गोट्या-वाळू काही नाही, म्हणजे घाण दिसते आणि किड्याला लपायला जागा नसते. लपण्यापुरता पाइपाचा एक तुकडा माशासाठी. वर जाळी, कारण नवा मासा उडी मारतो. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा साधा फिल्टर. हा स्पंज मी एरवी मोठ्या टाकीच्या कोपऱ्यातच ठेवते, म्हणजे त्यात माशांची घाण पचवणारे जंतू आधीच वाढलेले असतात. कोरा स्पंज लावला तर त्याला तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर माशाच्या मूत्राचा अमोनिया पाण्यात साठतो आणि मासा त्यानेच मरतो. आपण म्हणतो रोगाने मेला. नव्या घरात नव्या टाकीत जे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात, त्यांतले पुष्कळ असेच मरतात असे माझा पुतण्या म्हणतो, आणि मला ते पटते. म्हणून टबातले पाव हिस्सा पाणी मी रोज बदलते. टबात वापरलेला स्पंज मात्र उकळत्या पाण्यातून काढून खडखडीत वाळवल्याशिवाय मोठ्या टाकीत परत ठेवायचा नाही.

पाण्याचे येथेच सांगून टाकते. साताऱ्याला माझ्या माहेरच्या नळाला कासचे पाणी, येथे सांगलीला कृष्णेचे. चवीला दोन्ही निराळी, पण क्लोरीन दोन्हींत असते, आणि पावसाळ्यात नदी गढूळ झाली की ते जास्त घालतात, हे वासावरून आपल्याला कळते. नळाचे पाणी थेट टाकीत सोडले तर माशाचे कल्ले भाजतात. मोठ्या तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, त्यात हवेची नळी सोडली तर फारच चांगले. गावाकडे ज्या दिवशी टाकीत टीसीएल पावडर टाकतात त्या दिवशी माशांचे पाणी बदलूच नये. घाई असेल तर हायपोचे खडे मिळतात, ते दुकानदाराकडून माप विचारून घालावेत.

पिशवी आणल्यावर ती बंदच ठेवून अर्धा तास टबाच्या पाण्यावर तरंगू द्यावी. मग मासा जाळीने किंवा ओल्या हाताने उचलून टबात. पिशवीतले पाणी मोरीत. ते ना टबात ना टाकीत. टबाची जाळी, मग, नळी सगळे वेगळे. मी त्यांना लाल दोरा बांधला आहे, कारण आमचा धाकटा एकच जाळी दोन्हीकडे फिरवायचा. वापरून झाले की उन्हात वाळवायचे. हे किडे कोरड्यात जगत नाहीत. आधी मोठ्या टाकीचे काम करायचे, नंतर टबाचे, आणि मग हात धुवायचे. आजारी माणसाच्या खोलीतून निघून स्वयंपाकाला लागताना आपण जे करतो तेच हे आहे.

याचा उपयोग काय झाला तेही सांगते. थोरली गेल्यावर दोन मासे उरले होते. ते बरे होऊनही तीन महिने मी नवा मासा आणला नाही. 2023 च्या पाडव्याला सांगलीतच दोन घेतले, एक काळा, एक केशरी. टबात ठेवले. अकरा दिवस काही नाही. घरातली मंडळी म्हणू लागली, "आता पुरे, सोड त्यांना." माझाही हात शिवशिवत होता. बाराव्या दिवशी केशरी माशाच्या शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा लोंबताना दिसला. मला वाटले विष्ठा असेल. भिंग लावले तर दोऱ्याच्या टोकाला दोन फाटे, आणि मुळाशी कातडी लाल सुजलेली. याला अँकर वर्म म्हणतात, नांगराचा किडा. नावात किडा असला तरी जातीने तो खेकडा-कोळंबीचा भाऊबंद आहे. मादी आपले तोंड नांगरासारखे माशाच्या मांसात रुतवते आणि ते दोन फाटे म्हणजे तिच्या अंड्यांच्या पिशव्या. दुकानात तो दिसला नाही, कारण त्या वेळी तो पिल्लू असणार, डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हताच.

ओल्या फडक्यात मासा धरून बारीक चिमट्याने अगदी मुळाशी पकडून तो पुतण्याने काढला, जखमेला औषध लावले, आणि पुढे महिनाभर दर आठवड्याला पाण्यात औषध घातले, कारण मादी काढली तरी तिची पिल्ले पाण्यात राहतात. पुन्हा लिखांचीच गोष्ट. मोठ्या टाकीतल्या दोघांना मात्र त्याचा स्पर्शही झाला नाही. अकराव्या दिवशी मी घरच्यांचे ऐकले असते तर?

तिसरा एक प्राणी आहे तो माशांची ऊ. ही चपटी, गोल, मसुरीच्या डाळीएवढी, काचेसारखी आरपार दिसते आणि माशाच्या अंगावर सरकते. आपल्या जिल्ह्यात द्राक्षवाल्यांनी शेततळी केली आहेत, त्यांत कटला-रोहू सोडतात. अशा तळ्यांतून मुले गंमत म्हणून पिल्ले आणतात आणि घरच्या टाकीत टाकतात. आमच्या वन्संच्या मुलांनी तासगावहून अशीच आणली होती, त्यांच्या अंगावर तिला मी प्रथम पाहिले. ती अंडी माशावर घालत नाही, काचेवर आणि दगडावर ओळीने घालते, म्हणून पेटीही घासून वाळवावी लागते. हिवताप खात्याकडून डासांसाठी गप्पी मासे मिळतात, ते हौदासाठी उत्तम आहेत. पण तेही उघड्या हौदातून आलेले असतात, त्यांनाही वेगळे ठेवल्याशिवाय टाकीत घेऊ नये.

बाकीचे आजार थोडक्यात. पंख कुरतडल्यासारखे झाले तर ते बहुधा घाण पाण्यामुळे, पाणी आधी सुधारा. पोट फुगून खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले तर तो मासा क्वचितच वाचतो. अंगावर काही दिसत नाही पण मासा सारखा धापा टाकतो, तर आधी हवा आणि पाणी पाहावे, आणि ते ठीक असेल तर कल्ल्यांतल्या बारीक जंतांची शंका घ्यावी. त्यांना ठिपक्यांचे औषध चालत नाही, वेगळे लागते. न ओळखता औषध देणे हे आपण मुलांच्या बाबतीत करत नाही, येथेही करू नये.

आता आपल्या स्वतःच्या हातांविषयी. हे मला पूर्वी माहीत नव्हते, आणि बायकांना हे कळलेच पाहिजे. माशांमध्ये क्षयासारखा एक रोग असतो. त्याचे जंतू माणसाच्या क्षयाच्या जंतूंचे चुलत भाऊ. हाताला विळीने कापलेले असेल, नखाजवळ चीर असेल आणि तसाच हात टाकीत घातला, तर ते जंतू कातडीत शिरू शकतात. मग बोटावर गाठ येते, जखम आठवड्यांमागून आठवडे भरत नाही, कधी तशाच गाठी हाताच्या वर चढत जातात. डॉक्टर नेहमीची औषधे देतात, गुण येत नाही. अशा वेळी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की आमच्या घरी माशांची टाकी आहे. योग्य औषधाने ते बरे होते, पण बरेच महिने औषध घ्यावे लागते. म्हणून कापलेला हात टाकीत घालू नये, घातलाच तर हातमोजा घालावा. आणि नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. मी चार वर्षे तोंडानेच ओढत होते! स्वयंपाकाचे भांडे, पातेले, गाळणी माशांना वापरू नये हे तर सांगायला नकोच.

मेलेला मासा मी आमच्या परसात पेरूच्या झाडाखाली खोल पुरते. कृष्णेत सोडू नका, विहिरीतही नाही. आजारी किंवा नकोसा झालेला जिवंत मासा हरिपूरच्या संगमावर किंवा माहुलीला नेऊन सोडतात, सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखे वाटते. पण त्याच्या अंगावरचे किडे नदीतल्या माशांना लागू शकतात, आणि काही मासे असे चिवट की नदीत वाढून तेथल्या माशांना हुसकतात. काच चाटणारा तो काळा खरबरीत सकर मासा, टाकीत मोठा होऊन मावेना म्हणून लोकांनी सोडला, तो देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत आता घर करून बसला आहे. कोळ्यांची जाळी फाडतो आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही.

मुंबईला चर्नी रोडजवळ 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय निघाले. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी शाळेच्या सहलीत ते पाहिले असेल. मीही मुलांना घेऊन गेले होते. त्या वेळी मी फक्त पुढच्या काचा पाहिल्या. मोठ्या मत्स्यालयांत पाहणाऱ्याला न दिसणाऱ्या मागच्या बाजूला नव्या माशांच्या वेगळ्या टाक्या ठेवण्याची रीत असते, हे मला कितीतरी वर्षांनी कळले.

सासूबाईंचा पलंग पाडव्यानंतर सहा आठवड्यांनी मी पुन्हा फिरवला. टबातले दोघे त्या दिवशी मोठ्या टाकीत गेले. "आत्याबाई, आता नावं ठेवा," मी म्हटले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि काळ्याचे नाव 'पाहुणा' ठेवले. केशरीला मात्र नाव द्यायला तयार होईनात. पुढे आठ दिवसांनी एका दुपारी मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा त्यांच्या तोंडून जड शब्द आला, "धाकटी."

सध्या आमच्या जिन्याखालच्या टबात आणखी दोन आहेत. आज त्यांचा सोळावा दिवस. एकाचा पंख सकाळी जरा मिटल्यासारखा वाटला, तो उजेडात नीट पाहायचा आहे आणि पाणीही बदलायचे आहे. चिटणीसबाईंनी दिलेली वेळ कधीच संपली.